ओपन हार्ट शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे : रुग्णाने आणि घरच्यांनी काय करावे

ओपन हार्ट शस्त्रक्रियेत हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी छातीच्या मधोमध असलेले उरोस्थी हे हाड बहुधा वरपासून खालपर्यंत उभे कापले जाते आणि काम झाल्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांनी पुन्हा घट्ट बांधले जाते. बायपास असो, झडप बदलणे असो किंवा जन्मजात दोषाची दुरुस्ती असो, घरी गेल्यावर ज्या सूचना पाळायच्या असतात त्यांपैकी बऱ्याचशा या एका हाडाशी निगडित असतात. हे हाड बऱ्यापैकी जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात आणि पूर्ण मजबुती यायला साधारण १२ आठवडे. त्वचेची जखम मात्र दोन-तीन आठवड्यांतच कोरडी आणि बरी दिसू लागते. वरून बरे दिसणे आणि आतून बरे होणे यांतील हे अंतर लक्षात ठेवले, तर खाली दिलेल्या गोष्टी पाठ कराव्या लागणार नाहीत, त्या आपोआप पटत जातील.

रुग्णालयातील दिवस

अतिदक्षता विभागात रुग्णाला पहिल्यांदा पाहणे घरच्यांसाठी कठीण असते, म्हणून काय दिसणार आहे ते आधी माहीत असलेले बरे. घशात श्वासासाठी घातलेली नळी असते आणि ती काढेपर्यंत रुग्णाला बोलता येत नाही. छातीतून रक्त आणि पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, मानेजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी, लघवीची नळी आणि बऱ्याचदा पोटाच्या वरच्या भागातून बाहेर आलेल्या बारीक तारा असतात. हृदयाचे ठोके मंदावले तर त्या तारांतून तात्पुरता पेसमेकर चालवता येतो. चेहरा आणि हात सुजलेले दिसतात, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी शरीरात बरेच द्रव साठते. गुंतागुंत नसेल तर श्वासाची ही नळी काही तासांत निघते, अतिदक्षता विभागातील मुक्काम एक-दोन दिवसांचा आणि एकूण मुक्काम साधारण ५ ते ७ दिवसांचा असतो.

वयस्कर रुग्ण या काळात कधी कधी असंबद्ध बोलतात, नसलेली माणसे त्यांना दिसतात, रात्री उठून जाण्याचा प्रयत्न करतात. शस्त्रक्रियेनंतरचा हा भ्रम बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरतो. घरच्यांनी त्या वेळी वाद घालू नये. चष्मा आणि कानाचे यंत्र लगेच द्यावे, आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, शस्त्रक्रिया झाली आहे हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावे, दिवसा प्रकाशात आणि रात्री अंधारात ठेवण्याची विनंती करावी. ओळखीचा आवाज येथे फार उपयोगी पडतो, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या दिवसापासून ज्याचा कंटाळा करू नये ते काम म्हणजे श्वासाचा व्यायाम. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, फुफ्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, तेथे कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. यासाठी तीन चेंडूंचे स्पायरोमीटर दिले जाते. अनेक जण त्यात जोराने फुंकतात, पण ते फुंकण्यासाठी नसते. आधी श्वास पूर्ण सोडावा, नळी ओठांत घट्ट धरावी, हवा संथपणे आत ओढावी, चेंडू वर राहतील असे दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग श्वास सोडावा. जागे असताना दर तासाला असे १० श्वास घ्यावेत, मात्र सलग घाईने घेऊ नयेत, कारण त्याने गरगरते. नंतर उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी दोन्ही हातांनी कवटाळून खोकावे. खोकल्याने टाके तुटतील ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. उशीचा आधार असेल तर खोकणे सुरक्षित असते, आणि कफ आत राहू देणे हेच अधिक धोक्याचे असते. घरी गेल्यावरही दोन-तीन आठवडे हा व्यायाम चालू ठेवावा.

शस्त्रक्रियेनंतर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास अनेक रुग्णांचे ठोके अचानक जलद आणि अनियमित होतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. मॉनिटर वाजू लागला, धावपळ झाली की घरचे हादरून जातात. परंतु ही डॉक्टरांना परिचित असलेली आणि बहुधा औषधांनी आटोक्यात येणारी गोष्ट आहे. यासाठी काही आठवड्यांचे वेगळे औषध दिले जाऊ शकते.

अंथरुणातून उठण्याची रीत

ही रीत घरी जाण्यापूर्वीच फिजिओथेरपिस्टसमोर तीन-चार वेळा करून दाखवावी, कारण दिवसातून दहा वेळा करायची हीच हालचाल चुकीची झाली तर हाडावर सर्वाधिक ताण येतो. उताणे झोपलेल्या माणसाचा हात सवयीने मागे जातो, तळवा गादीवर टेकतो आणि शरीर वर ढकलले जाते. नेमके हेच टाळायचे आहे.

प्रथम दोन्ही गुडघे वाकवून पाय गादीवर टेकवावेत. हात छातीवर दुमडावेत किंवा उशी कवटाळावी. खांदे आणि कंबर एकत्र ठेवून, लाकडाचा ओंडका वळावा तसे, पलंगाच्या कडेकडे कुशीवर वळावे. मग पाय पलंगाबाहेर सोडावेत. पायांचे वजन खाली जाते तसे धड वर येऊ लागते, आणि उरलेला थोडासा आधार खालच्या बाजूचे कोपर अंगाजवळ ठेवून घ्यावा. बसल्यावर लगेच उभे राहू नये. एक-दोन मिनिटे पाय हलवत बसावे, कारण नव्या औषधांनी रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

खुर्चीतून उठताना पुढच्या कडेपर्यंत सरकावे, पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावीत, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतके वाकावे आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. हात मांडीवर असावेत, खुर्चीच्या दांड्यांवर नसावेत. म्हणून घरातील बसण्याची जागा उंच आणि टणक असावी. खोल रुतणारा सोफा पहिले दोन महिने विसरावा. मदत करणाऱ्याने रुग्णाला हाताला किंवा काखेत धरून ओढू नये. पाठीमागे, खांद्याच्या पात्याखाली तळहाताचा आधार द्यावा. प्रेमापोटी हात ओढणारे नातेवाईक पुष्कळ असतात आणि त्यांना आधीच सांगून ठेवावे लागते.

घरी निघण्यापूर्वी

रुग्णालय सोडताना कागद पुष्कळ मिळतात, पण चार गोष्टी स्वतः विचारून लिहून घ्याव्यात. पहिली, जुन्या औषधांपैकी कोणती बंद झाली आणि कोणती चालू आहेत. जुन्या आणि नव्या गोळ्या एकत्र घेतल्याने होणारा गोंधळ हा या काळातील खरा धोका आहे. दुसरी, रात्री-अपरात्री शंका आली तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. तिसरी, टाके किंवा क्लिप कधी काढायच्या आणि पहिली तपासणी कधी आहे. चौथी, निघण्याच्या दिवशीचे वजन. घरी येताना गाडीत सीट बेल्ट लावावाच. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये लहान उशी ठेवली की खुपत नाही.

घरातील पहिला आठवडा

पहिल्या दोन-तीन रात्री बहुतेकांना रुग्णालयापेक्षा वाईट वाटते. तेथे बटण दाबले की कोणी तरी येत असे, येथे प्रत्येक ठोका आणि प्रत्येक कळ स्वतःच ऐकावी लागते. हे स्वाभाविक आहे, आणि पहिला आठवडा घरात एक माणूस सतत सोबत असावे ते याचसाठी.

रोज सकाळी लघवी झाल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, त्याच वजनकाट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करावे आणि वहीत लिहावे. सोबत ताप, नाडी आणि सांगितले असेल तर रक्तदाब आणि साखरही लिहावी. एका दिवसात १ ते १.५ किलो किंवा आठवड्यात २ किलोहून अधिक वजन वाढले, तर ते अन्नामुळे नसून बहुधा अंगात पाणी साठल्यामुळे असते आणि धाप लागण्याच्या आधीच ते काट्यावर दिसते. एका मिनिटाच्या या कामाने कित्येकदा पुन्हा दाखल होणे टळू शकते.

वजन उचलण्याची मर्यादा साधारणपणे ४ ते ५ किलो सांगितली जाते, काही सर्जन याहूनही कमी सांगतात. आपल्या सर्जनने सांगितलेला आकडाच प्रमाण मानावा. भरलेली बादली, लहान मूल, सामानाची जड पिशवी हे सगळे या मर्यादेबाहेरचे आहे. मर्यादा केवळ उचलण्याला नाही. जड दरवाजा ढकलणे, घट्ट बसलेले झाकण फिरवणे, अडकलेली खिडकी ओढणे, गादी झटकणे यांतही छातीचे स्नायू हाडाला दोन बाजूंना खेचतात. याचा अर्थ हात बांधून बसावे असा मात्र नाही. हात अजिबात न हलवल्यास खांदे आखडतात आणि मान-पाठ दुखू लागते. सोपा नियम असा की कोपरे बरगड्यांजवळ ठेवून केलेली हलकी कामे चालतात, हात अंगापासून लांब नेऊन जोर लावलेली चालत नाहीत. खांदे गोल फिरवणे, केस विंचरणे, दुखणार नाही इतपत हात वर नेणे हे करत राहावे.

कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ करता येते. जखमेवर सौम्य साबणाचे पाणी वाहू द्यावे, घासू नये, स्वच्छ टॉवेलने टिपून कोरडी करावी. पावडर, मलम, तेल लावू नये, खपली काढू नये, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत टबमध्ये किंवा तलावात उतरू नये. स्त्रियांनी मऊ, तारेविना असलेली, पुढून उघडणारी ब्रा घालावी. स्तनांना आधार मिळाला की जखमेवरील ओढ कमी होते.

बायपाससाठी पायातील शीर काढली असेल तर छातीपेक्षा पायच जास्त त्रास देतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. घोट्याजवळ सूज येते, आतल्या बाजूला बधिरपणा राहतो. बसताना पाय उशीवर उंच ठेवावेत, पायावर पाय टाकून बसू नये. डाव्या छातीवरील बधिरपणा किंवा जळजळ ही छातीच्या आतल्या बाजूची धमनी वापरल्यामुळे असू शकते आणि ती महिनोन्महिने टिकू शकते. शस्त्रक्रियेत बरगड्या फाकवल्याने खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात, त्यामुळे करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात. हे सहसा हळूहळू कमी होते, तरी तपासणीच्या वेळी सांगावे.

वेदनाशामक गोळी दुखणे असह्य होईपर्यंत थांबवून ठेवू नये. दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, चालत नाही, झोपत नाही, म्हणजे बरे होण्याची तिन्ही साधने एकदम हातची जातात. मात्र गोळी सांगितलेलीच घ्यावी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या सहज मिळणाऱ्या गोळ्या हृदय, मूत्रपिंड आणि रक्तस्राव या तिन्ही दृष्टींनी या काळात धोक्याच्या आहेत. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते आणि कुंथल्याने छातीवर ताण येतो. पोट साफ ठेवणारे औषध पहिल्या दिवसापासून मागून घेण्यात संकोच करू नये.

अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, ठोके नियंत्रित करणारी बीटा ब्लॉकर ही औषधे बरे वाटू लागले म्हणून स्वतःहून थांबवू नयेत. बीटा ब्लॉकर एकदम सोडल्यास ठोके आणि रक्तदाब उसळतात. यांत्रिक झडप बसवलेल्यांना रक्त गोठू न देणारे वॉरफरीन हे औषध आयुष्यभर घ्यावे लागते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. त्यांनी गोळीची वेळ रोज एकच ठेवावी. पालेभाज्या खाव्यात, पण दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात, कारण त्यांतील के जीवनसत्त्व या औषधाचा परिणाम कमी करते. प्रतिजैविके धरून कोणतेही नवे औषध सुरू होत असेल तर आपण वॉरफरीन घेतो हे आधी सांगावे.

चालणे

औषधाइतकेच महत्त्व चालण्याला आहे. सुरुवात घरातल्या घरात, सपाट जागी, पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा करावी. रोज किंवा एक दिवसाआड एक-दोन मिनिटे वाढवावीत, म्हणजे चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सलग २० ते ३० मिनिटे चालणे जमू लागते. वेग किती असावा याचे माप आपल्या बोलण्यात आहे. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा. छातीत दाटले, गरगरले किंवा घाम फुटला तर थांबून बसावे. जेवणानंतर किमान तासभर आणि कडक ऊन किंवा कडाक्याची थंडी असताना चालणे टाळावे.

दहाव्या-बाराव्या दिवशी एक दिवस असा येतो की एकदम फार बरे वाटते. त्या दिवशी माणूस दुप्पट चालतो, पाहुण्यांशी तासभर बोलतो, कपाट आवरायला घेतो, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळतो. बऱ्या दिवशीही ठरलेल्या मिनिटांपलीकडे जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. पाहुण्यांचे येणे-बोलणेही याच हिशेबात धरावे. भेटीसाठी पंधरा मिनिटे पुरतात, आणि हे सांगण्याची जबाबदारी रुग्णावर न टाकता घरच्यांनी घ्यावी. सर्दी-खोकला असलेल्यांनी येऊच नये.

जिने चढता येतात. सावकाश, हवे तर एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढावे. कठडा तोल सांभाळण्यापुरता धरावा, त्याला धरून स्वतःला वर ओढू नये.

झोप, भूक आणि मन

पहिले काही आठवडे पाठीवर, डोक्याकडची बाजू उंच करून झोपणे सोयीचे पडते. रात्री मधूनमधून जाग येते, घाम येतो, विचित्र स्वप्ने पडतात. अन्नाला चव नसते किंवा तोंडात धातूची चव राहते. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खावे. हाड आणि जखम भरण्यासाठी प्रथिने लागतात, त्यामुळे या दिवसांत कडक पथ्याच्या नादी लागून उपाशी राहू नये. मीठ मात्र कमीच असावे, कारण मिठाने पाणी साठते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवणे जखमेच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे. तंबाखू आणि धूम्रपान कोणत्याही रूपात नको.

मनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याबद्दल कोणी विचारत नाही. कारण नसताना रडू येणे, चिडचिड, वाचलेले लक्षात न राहणे, नाव न आठवणे हे शस्त्रक्रियेनंतर फार जणांना होते, आणि त्याचा मनाच्या कमकुवतपणाशी काही संबंध नाही. रुग्णाला बहुधा वाटते की जीव वाचला असताना उदास होणे ही कृतघ्नता आहे, म्हणून तो गप्प राहतो. घरच्यांनी ‘आता सगळे ठीक झाले आहे’ असे म्हणून विषय मिटवू नये, ऐकून घ्यावे. स्मरण आणि एकाग्रता बहुतेकांची काही आठवड्यांपासून काही महिन्यांत सुधारते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेना किंवा जगणे नको वाटू लागले, तर हृदयरोगतज्ज्ञांना तितक्याच स्पष्टपणे सांगावे जितक्या स्पष्टपणे आपण छातीतील कळ सांगतो. जगणे नको असे वाटत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी सांगावे आणि माणसाला एकटे सोडू नये.

कधी वाट पाहत थांबू नये

विश्रांतीनेही न थांबणारी दाबल्यासारखी छातीतील कळ, अचानक वाढलेली धाप, शुद्ध हरपणे, चेहरा वाकडा होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, न थांबणारा रक्तस्राव यांपैकी काहीही झाल्यास फोनवर सल्ला घेत न बसता तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.

त्याच दिवशी रुग्णालयाला कळवण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत. ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, जखमेतून पू किंवा नव्याने येणारे पाणी, कडा लाल-गरम होणे, जखम उघडणे, वर सांगितलेली वजनवाढ, एकाच पोटरीला आलेली दुखरी सूज, ठोके अनियमित धडधडणे, काळी शौच. हालचाल करताना किंवा खोकताना छातीचे हाड टक्-टक् वाजणे, सरकल्यासारखे वाटणे, हेही त्याच दिवशी सांगावे, मग वरची त्वचा कितीही छान दिसत असो. काही रुग्णांना एक ते सहा आठवड्यांच्या दरम्यान ताप आणि खोल श्वास घेताना वाढणारे छातीचे दुखणे सुरू होते. हृदयाच्या आवरणाला आलेली ही सूज असू शकते आणि तिच्यावर औषध आहे.

चौथ्या आठवड्यापासून पुढे

गाडी चालवण्यास बहुधा ४ ते ८ आठवडे मनाई असते. अचानक ब्रेक लागल्यास स्टिअरिंगचा आघात थेट छातीवर येतो आणि दुखऱ्या छातीने मान वळवून मागे पाहणेही नीट जमत नाही. दुचाकीसाठी तर अधिकच थांबावे. बैठे काम सहा-आठ आठवड्यांनी, सुरुवातीला अर्धा दिवस, आणि अंगमेहनतीचे काम १२ आठवड्यांनंतर, असा सर्वसाधारण हिशेब असतो. शरीरसंबंधांबद्दल विचारायला लोक लाजतात. दोन जिने धाप न लागता चढता येऊ लागले की हृदय बहुधा तयार असते. छातीवर आणि हातांवर भार येणार नाही अशी स्थिती मात्र निवडावी.

हृदय पुनर्वसन कार्यक्रम उपलब्ध असेल तर त्यात नाव नोंदवावेच. देखरेखीखाली व्यायाम करताना आपले हृदय किती पेलू शकते हे प्रत्यक्ष पाहता येते आणि भीती जाते, जी घरात एकट्याने चालून सहसा जात नाही. झडप बदललेल्यांनी दातांच्या कोणत्याही उपचारापूर्वी दंतवैद्यांना झडपेबद्दल सांगावे, कारण हिरड्यांतून रक्तात गेलेले जंतू झडपेवर बसू शकतात आणि त्यासाठी काही उपचारांआधी प्रतिजैविक द्यावे लागू शकते.

सहा-आठ आठवड्यांच्या तपासणीला वजनाची वही सोबत न्यावी आणि सर्जनला स्पष्ट विचारावे की हाड जुळले आहे का आणि किती वजन उचलू. परवानगी मिळाली तरी पहिल्याच दिवशी भरलेली बादली उचलू नये. आधी अर्धीहून कमी, दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून उचलावी, आठवड्यागणिक थोडी वाढवावी. आणि उचलताना छातीत काही सरकल्यासारखे वाटले तर ती तेथेच खाली ठेवून रुग्णालयाला फोन करावा.